गळ्याशी अडलेले

मावशी रडू लागली तेव्हा मी सवयीने तिवईवरचा पाण्याचा पेला उचलला आणि तिच्यापुढे धरायला निघाले. एवढ्यात समोर बसलेल्या बाईंनी आपला हात हलकेच माझ्या मनगटावर ठेवला आणि नको अशी मान हलवली. त्या हाताला जोर नव्हता आणि चेहऱ्यावर रागही नव्हता, तरी मला ते चांगलेच लागले. माझ्या सख्ख्या मावशीला पाणी द्यायचे की नाही हे गोव्यातल्या आसगावात भाड्याच्या घरात राहणारी एक परकी बाई ठरवणार, हा विचार त्या क्षणी डोक्यात शिरला आणि परतताना म्हापसा मागे पडून डिचोलीचा रस्ता लागला तरी निघेना. मावशी मात्र त्या पेल्याविषयी अवाक्षर बोलली नाही. ती बराच वेळ रडली, पदराने नाक पुसले, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाली, "तुमच्या फणसाला यंदा बरे लागलेत."

मावशीचे यजमान, आमचे काका, गेले ते चवथ चार दिवसांवर आली असताना. घरात सुतक, त्यामुळे आमचा गणपती त्या वर्षी आला नाही, पण वाड्यावर तो घरोघरी आलेला होता. मावशी आतल्या खोलीत चटईवर बसून होती आणि भिंतीपलीकडून घुमट-शामेळ या वाद्यांवर आरत्या चालल्या होत्या, एका घरची संपली की दुसऱ्या घरची. लोकांच्या सणात आपल्या रडण्याचा अपशकुन नको म्हणून तिने खोलीची खिडकी लावून घेतली आणि तोंडात पदर धरला. हे तिने मला कधी सांगितले नव्हते. मला ते कळले आसगावच्या त्या खोलीत, त्या बाईंनी "मावशी, आता हे बोलताना अंगात कुठे काय होते?" असे विचारले तेव्हा. असल्या प्रश्नाला मी तरी काही उत्तर देऊ शकले नसते. मावशीने क्षणाचाही विचार न करता गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथे. चवथीपासून."

बेंगळुरूला असलेल्या तिच्या मुलीने हे सगळे ठरवले होते. आईला झोप नाही, घास गिळवत नाही, कामात लक्ष नाही. गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या संपल्या तरी काही फरक नाही. इंटरनेटवर शोधून तिने या थेरपिस्ट बाई काढल्या. नावापुढे 'होलिस्टिक' हा शब्द होता, आणि खरे सांगायचे तर त्या शब्दानेच माझ्या कपाळाला आठी पडली. बार्देश आणि पेडण्याच्या किनारपट्टीवर ऑक्टोबर उजाडला की भिंतीभिंतींवर पाट्या लागतात: चक्रसंतुलन, ध्वनिस्नान, पूर्वजन्मात नेऊन आणणे, अंतरीचे बालक बरे करणे. हणजुणेपासून हरमलपर्यंत स्कूटर चालवत गेले तर शहाळी विकणाऱ्यांपेक्षा बरे करणारेच अधिक दिसतील. 1922 साली जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी सुरू केलेली रेकी तिथे हजारो वर्षांची विद्या म्हणून विकली जाते. एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरांची 38 फुलांची औषधे प्रत्येक स्वभावाला एक अशा हिशेबाने दिली जातात. नीट घेतलेल्या चाचण्यांत ती नुसत्या पाण्यापेक्षा सरस ठरलेली नाहीत, ही गोष्ट पाटीवर मावत नसावी. पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही आणि पाऊस सुरू झाला की पाटीवालाही दिसत नाही.

त्यामुळे मी मावशीबरोबर गेले ती पहारा द्यायला गेले, असे म्हटले तरी चालेल.

माझा पहारा थोडा सैल पडला तो भेटीच्या आधीच. फोनवर त्या बाईंनी सर्वांत आधी थायरॉइड, बी-12 आणि साखरेचे रिपोर्ट मागितले, आणि गळ्याची तक्रार ऐकल्यावर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही, असे स्पष्ट सांगितले. थायरॉइड मंदावले तरी माणूस खिन्न होतो, सुस्तावतो, त्याला काही करावेसे वाटत नाही. त्याच्याकडून आठवणी उगाळून घेण्यात अर्थ नसतो. रिपोर्ट ठीक आले, घशात गाठ वगैरे काही निघाली नाही. डॉक्टर म्हणाले, ताणामुळे घशाचे स्नायू आवळले जातात आणि काहीतरी अडकल्यासारखे वाटत राहते, पुष्कळांना होते, घाबरू नका. मावशीला ते ऐकून बरे वाटले आणि थोडे वाईटही वाटले. एवढे अडकलेले आहे आणि यंत्रात काहीच दिसत नाही, हे तिला कसेसेच वाटत होते.

ती खोली मला अजून डोळ्यांपुढे दिसते, कारण मी तिच्यात संशयाने प्रत्येक वस्तू न्याहाळत होते. जुने पोर्तुगीज घाटाचे घर, लाल कोब्याची जमीन, शिंपल्यांची तावदाने लावलेली खिडकी, वेताच्या दोन खुर्च्या आणि मावशीसाठी मुद्दाम आणलेला पाट, कारण खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बोलणे तिला जमत नाही हे बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. धूप नव्हता, घंटा नव्हत्या, बुद्धाचा मुखवटा नव्हता. बाई मूळच्या पुण्याच्या; मानसशास्त्राची पदवी, त्यानंतर बरीच वर्षे समुपदेशन, पुढे योग आणि शरीराच्या जाणिवेतून काम करण्याचे शिक्षण. मावशी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायची आणि दर वेळी त्या "मी डॉक्टर नाही हं" असे सांगायच्या. बोलायच्या फार थोडे. मावशी बोलता बोलता थांबली की आपण जसे चटकन दुसरा विषय काढतो तसा त्या काढत नसत. त्या शांततेने मला अवघडायला होई, मी खिडकीच्या शिंपल्या मोजू लागे.

त्यांच्या पद्धतीत गूढ असे मला काहीच सापडले नाही. बोलणे, श्वास, झोप, जेवण, अंगाची हालचाल, घरातली माणसे आणि माणसाची श्रद्धा या सगळ्यांकडे एकदम पाहायचे, यापैकी जिथून सहज शिरता येईल तिथून शिरायचे, एवढेच त्यांचे म्हणणे. मावशीच्या बाबतीत त्या श्वासातून शिरल्या. सावकाश घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब असावा, मिनिटाला साधारण सहा श्वास पडावेत, असे त्यांनी बसवून शिकवले. उच्छ्वास लांबला की व्हेगस या मज्जातंतूच्या मार्फत हृदयाची गती किंचित उतरते. हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे, त्याला साक्षात्कार लागत नाही. मावशीला अंक मोजायचा कंटाळा आला तेव्हा बाईंनी विचारले, तुम्ही भजनाला जात होता ना? अभंगाची एक ओळ एका श्वासात म्हणून पाहा. काका गेल्यापासून मावशीने तोंडातून एकही अभंग काढला नव्हता. त्या दिवशी तिने ओळ धरली, अर्ध्यावर आवाज फाटला, आणि मी पेल्याकडे हात नेला.

पेल्याबद्दल मी त्यांना पुढे विचारलेच. जरा तिरकसपणेच विचारले असावे. त्यांनी सांगितले ते असे: रडणाऱ्याला आपण पाणी देतो, पाठ थोपटतो, टिश्यू पुढे करतो, तेव्हा पुष्कळदा आपल्यालाच ते रडणे सोसवत नसते, समोरच्याचे शरीर तो इशारा बरोबर ओळखते आणि आवरते घेते. तहान लागली की माणूस पाणी मागतो. तुमच्या मावशीने आठ महिने स्वतःला आवरलेले आहे, तिला अजून एकदा आवरायला लावायचे नव्हते. मी ऐकून घेतले. पण मला ते आजही पुरते पटलेले नाही. आमच्या घरी उन्हातून आलेल्या माणसाला बोलण्याआधी गूळ-पाणी दिले जाते, त्यात 'आता गप्प बस' असा अर्थ कुणी वाचत नाही. दिलेले पाणी प्रेमाचेही असते. बाई त्यावर हसून म्हणाल्या, असते ना, म्हणून तर पेला तिथे ठेवलेला असतो.

रडण्याला आमच्याकडे जागा नव्हती असे मात्र नाही. माझी आजी गेली तेव्हा बायका एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडल्या होत्या. दहावा, बारावा, तेरावा, ज्या त्या दिवशी येणारे लोक आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून सांगायची तीच हकिकत. माणूस कसा गेला, शेवटी काय म्हणाला, कोण जवळ होते. लहानपणी मला ते असह्य वाटे. आता वाटते, तीच हकिकत इतक्या वेळा सांगितल्यानेच ती जिभेला पेलवू लागत असेल. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे सातव्या दिवसाची मिसा असते, महिन्याची असते, वर्षाची असते. मावशीला सणाने त्यातले बरेच काही मिळू दिले नाही. लोक आले ते चोरपावलांनी, बसले ते घाईत, कारण घरी गणपती होता. एकच बाई पुष्कळ दिवस येत राहिली, ती कुंपणापलीकडची ख्रिस्ती शेजारीण. यायची, आळसांद्यांच्या शेंगा घेऊन बसायची, सोलायची, काही विचारायची नाही, उठून जायची.

पण हे सगळे आपल्या जुन्या लोकांना ठाऊकच होते, असा सूर लावायला मी तयार नाही. पौषात मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, बायकांचे धालो चालतात, बायका समोरासमोर फळ्या करून रात्र रात्र गातात, शेवटच्या रात्री एखादीच्या अंगात रंभा येते आणि मग ती एरवी कधी बोलत नाही ते बोलते, मागते, नाचते, सगळे तिला नमस्कार करतात. लहानपणी ते पाहताना माझ्या अंगावर काटा यायचा. मात्र सकाळी तीच बाई लाकडाची मोळी घेऊन तशीच खाली मान घालून चाललेली दिसायची, आणि रात्री तिने काय मागितले होते याचा विषय पुन्हा कुणी काढत नसे. मांडाने तिला एक रात्र दिली. तिच्या घरच्या दिवसांत काय बदलायचे ते मांडाच्या हाती नव्हते. शिवाय मांडावर सगळे ओळखीचे. आमच्या गावात सकाळी नळावर बोललेले दुपारी बाजारात पोचते. मावशी माझ्याकडेही जे बोलली नाही ते त्या बाईंकडे बोलली याचे मोठे कारण त्या कुणाच्याच कुणी नव्हत्या हे असावे. गोवा सरकारच्या दयानंद योजनेत ज्येष्ठांना महिन्याला जेवढे मिळते जवळजवळ तेवढी त्यांची एका बैठकीची फी होती, आणि या फीत नातेसंबंध नसण्याची किंमतही धरलेली असणार.

पणजीला जुन्या सचिवालयाच्या शेजारी संमोहनाचा आद्य अभ्यासक आबे फारिया याचा पुतळा आहे. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये केलेला; खाली कलंडलेली स्त्री आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून उभा राहिलेला झग्यातला पाद्री. मावशीला दाखवायला नेले तेव्हा ती म्हणाली, "हा तिला काय करतो?" पुतळा पाहणाऱ्याला असेच वाटते की त्या बोटांतून काहीतरी निघून त्या बाईत शिरते आहे. गंमत अशी की 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेला हा माणूस नेमके याच्या उलट सांगत होता. त्याच्या आधी पॅरिस गाजवून गेलेल्या मेस्मर या वैद्याचे म्हणणे, बरे करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकी द्रव रोग्याकडे वाहतो. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या, फ्रँकलिन आणि लव्हाज्ये यांसारखे शास्त्रज्ञ ज्यात होते त्या समितीने असला द्रव नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे असे सांगून तो विषय मोडीत काढला. फारियाने 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले आणि त्या कल्पनेलाच हात घातला: माझ्यातून काही जात नाही, जे घडते ते समोरच्यातच घडते, मी फक्त बसा, डोळे मिटा, झोपा एवढे म्हणतो. 1819 मध्ये तो तिथेच वारला, चेष्टेचा विषय होऊन. त्याची ती प्रसिद्ध आख्यायिका आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे, लिस्बनच्या दरबारी प्रवचनाला उभे राहिल्यावर त्याची वाचा बसली आणि बापाने हळूच म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे समोर बसलेले सगळे नुसता भाजीपाला समज, घाबरू नकोस. त्याचाही गळाच अडला होता, आणि त्याला सोडवणाऱ्या शब्दांत मंत्र कुठलाच नव्हता.

किनाऱ्यावरच्या पाट्यांवरचा माझा राग बहुधा याच ठिकाणचा आहे. तिथे बहुतेक सगळे जण अजून मेस्मरचेच दुकान चालवतात: ऊर्जा माझ्याकडे आहे, मी देतो, तुम्ही घ्या, पुढच्या पातळीसाठी पुढचे शिबिर. आसगावच्या बाईंनी मावशीला काहीही दिल्याचा दावा केला नाही, ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. दर भेटीच्या शेवटी त्या विचारायच्या, आज काय झाले असे तुम्हाला वाटते? मावशी म्हणायची, काही नाही, बोलले. त्या म्हणायच्या, बरे. पुण्याहून आलेल्या बाईंनी फारियाचे नावही फारसे ऐकले नव्हते, पण त्या त्याच्याच पंथातल्या.

आणि हे काम करायला जुने घर आणि शिंपल्यांची खिडकी लागतेच असेही नाही. याच गोव्यात, 'संगथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसोपचाराची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केले. तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटी. भर असा की मन बरे वाटण्याची वाट पाहू नका, आधी एखादे रोजचे सुटलेले काम पुन्हा धरा, मन मागून येईल. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत 39 टक्के होते, या भेटी मिळालेल्यांत 64 टक्के. अंग मोडून येणे, डोके जड होणे, छातीत धडधडणे अशाच तक्रारी घेऊन माणसे त्या केंद्रांत येतात. मन उदास आहे म्हणून कुणी केसपेपर काढत नाही. मावशीही गळाच घेऊन गेली होती.

मधल्या काळात बाईंनी तिला रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये विद्यार्थ्यांना मनातले कठीण प्रसंग लागोपाठ चार दिवस लिहायला लावले होते; लिहून उठल्यावर मुले अधिकच उदास झाली, पण पुढल्या महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्याच्या फेऱ्या त्यांच्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच आढळतो, हेही बाईंनीच सांगितले. मावशी मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली, अक्षर वळणदार. नातवाच्या उरलेल्या वहीत तिने लिहायला सुरुवात केली आणि एका दुपारी चहाच्या वेळी मला वाचून दाखवले. दुःखाचा शब्द त्यात कुठेच नव्हता. "रोवणीची मजुरी द्यायची राहिली. बांगडे महाग. त्यांनी त्या रात्री चष्मा मागितला. मी शोधला. सापडला नाही. सकाळी उशीखालीच होता." एवढे वाचून तिने पान उलटले आणि पुढच्या पानावरचा गॅस सिलिंडरचा हिशेब त्याच आवाजात वाचत राहिली. मी चहा गाळायला उठले. तो चष्मा मी तिच्या देव्हाऱ्याशेजारी पाहिला होता, काका गेल्यापासून तो तिथेच आहे, पण तो तिथे का आहे ते मला ठाऊक नव्हते.

झोप हळूहळू आली. घास उतरू लागला. इथपर्यंत घरातल्या सगळ्यांनाच हे आवडत होते.

पुढची चवथ आली तेव्हा मात्र सूर बदलला. दर वर्षी संपूर्ण कुटुंबाच्या नेवऱ्या मावशी एकटी तळायची. यंदा तिने जावेला सांगितले की मी फक्त सारण करीन, लाटायला आणि तळायला तुम्ही या. कुणी आजारी असेल तर चालते, कंटाळले म्हणून असे कुणी म्हणत नाही. जाऊ म्हणाली, ती आसगावची बाई तिला शिकवते. व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणून पुस्तकांत ज्याचे कौतुक असते तो प्रत्यक्षात घरी येतो तेव्हा त्याला 'आगाऊपणा' म्हणतात, आणि मला कबूल केले पाहिजे की त्या दिवशी गरम तेलापुढे उभी राहून मीही मनात तेच म्हटले. सणाच्या आदल्या दिवशी माणसाने स्वतःचा शोध लावू नये.

वर्षश्राद्ध झाल्यावर मावशीचे दीर एक कागद घेऊन आले. जुन्या घरावरचा आणि कुळागरावरचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेवरचा, हक्क सोडल्याचा मसुदा. सगळे घरातच राहणार आहे, फक्त सोय म्हणून. त्यांच्या मनात काळेबेरे होते असे मी म्हणणार नाही, आमच्याकडे बायकांच्या सह्या अशाच चहाबरोबर घेतल्या जात आल्या आहेत. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. काकांच्या वाट्यातला अर्धा भाग मावशीचाच आहे, काकांच्या मागे वारसाने आलेला नव्हे, पहिल्यापासून तिचा. हे तिला माहीत नव्हते. तिला एवढेच माहीत होते की कागद पाहिल्यावर गळा पुन्हा आवळला. आसगावच्या बाईंना तिने ते सांगितले तेव्हा त्यांनी श्वास मोजायला सांगितले नाही. हे माझ्याकडचे काम नाही, वकिलाला दाखवा, सही करावी की करू नये ते त्यानंतर तुम्ही ठरवा, म्हणाल्या. गळ्याशी नवऱ्याचे जाणे किती होते आणि हे किती, याची वाटणी मला करता येत नाही. मावशीला तशी गरज वाटत नाही.

दिराला तिने कागद परत केला नाही, फाडलाही नाही. देव्हाऱ्याशेजारी, चष्म्याच्या खाली ठेवला आणि वाचून सांगते म्हणाली. दीर आता आमच्याकडे बसत नाहीत, ओट्यावरूनच बोलून जातात. त्याचे तिला वाईट वाटते आणि ते ती लपवत नाही. डिचोलीच्या वकिलांची वेळ मी फोनवर घेतली. ते मंगळवारी सकाळी भेटतात, आणि आसगावची बैठकही मंगळवारीच असते. मावशीने भिंतीवरचे कालनिर्णय काढून मांडीवर घेतले, बोट ठेवून पुढचे आठवडे पाहिले आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन कर गो बाय. त्यांना म्हणावे, वार बदलून घ्या. वकील काही माझ्यासाठी वार बदलणार नाही."